व्होकांसाँची ‘चल शरीररचना’

मानवी देहाचे बाह्य रूप शिल्पकार प्राचीन काळापासून घडवीत आले आहेत. त्या देहाचे अंतर्व्यापारही मूर्तीत घडवून दाखवावेत, ही आकांक्षा मात्र युरोपात हार्वेने १६२८ मध्ये रक्ताभिसरणाचे विवेचन प्रसिद्ध केल्यावर आणि देकार्तने प्राणिदेहास यंत्राची उपमा दिल्यावर विशेष बळावली. फ्रेंच यंत्रकार जाक द व्होकांसाँ (१७०९–१७८२) याच्या कृतींत तिचे सामर्थ्य व मर्यादा दोन्ही स्पष्ट दिसतात.

त्याने १७३८ मध्ये पॅरिस येथे पुरुषभर उंचीचा बासरीवादक प्रदर्शित केला. त्याचे रूप क्वाझव्होच्या संगमरवरी फॉनमूर्तीवरून घेतले होते. आत नऊ भाते होते. त्यांतून तीन निरनिराळ्या दाबांची हवा एका श्वासनलिकेत येई. ओठ उघडत, मिटत, पुढे-मागे सरकत. जीभ हवेचा मार्ग रोखी किंवा मोकळा करी. मूर्ती अशा रीतीने बारा रचना वाजवी. येथे वादनाचा केवळ आभास नव्हता. स्वर प्रत्यक्ष फुंकरीतूनच निर्माण होत असे. तो साधण्यासाठी उच्च सप्तकास अधिक दाबाची हवा लागते, हे व्होकांसाँला अभ्यासावे लागले. म्हणजे मूर्ती घडविणे हाच एक प्रयोग ठरला.

त्यानंतर दाखविलेल्या यांत्रिक बदकाची गोष्ट वेगळी. ते दाणे गिळी व विष्ठा टाकी. पोटात अन्नाचे विघटन होते, असा कर्त्याचा दावा होता. परंतु गिळलेले दाणे गळ्याच्या तळाशीच राहतात, हे १७८३ मध्ये एका निरीक्षकाने उघडकीस आणले. विष्ठा आधीच भरून ठेवलेली असे. पंखांच्या रचनेतील सूक्ष्मता खरी होती, पचन मात्र खोटे होते.

तरीही १७४१ मध्ये व्होकांसाँने ल्योंच्या अकादमीपुढे अधिक धाडसी योजना मांडली. रक्ताभिसरण, श्वसन, पचन तसेच स्नायू, कंडरा व मज्जातंतू यांचे व्यापार दाखविणारी एक मूर्ती तयार करावी, तिच्यावर प्रयोग करावेत आणि त्यांवरून आरोग्य व रोग यांविषयी अनुमाने काढावीत, असा तिचा हेतू होता. रक्तवाहिन्यांसाठी रबराच्या लवचिक नळ्या वापरण्याचाही पुढे विचार झाला. ही योजना सिद्धीस गेली नाही.

या तीन प्रसंगांवरून एक भेद ध्यानात येतो. इंद्रियाचा परिणाम दाखविणारी मूर्ती प्रेक्षकास चकित करते. तो परिणाम ज्या कारणाने घडतो ते कारण जिच्यात प्रत्यक्ष कार्य करते, तीच अभ्यासकास काही शिकवू शकते. बासरीवादक दुसऱ्या वर्गात मोडतो, बदक पहिल्या. योजिलेली मूर्ती कोणत्या वर्गात मोडली असती, हे तिच्यातील रक्त कोणत्या कारणाने फिरले असते यावर अवलंबून राहिले असते. शरीरव्यापारांच्या कोणत्याही प्रतिकृतीचे मूल्य ठरविताना हीच कसोटी लावावयास हवी.