दक्षिण साताऱ्यातली कानडी पोरं

माझी मावशी जिल्हा परिषदेच्या मराठी शाळेत शिक्षिका होती. पहिली नेमणूक जत तालुक्याच्या पूर्वेला. पहिल्याच दिवशी ती म्हणाली, "पुस्तक उघडा." पोरांनी दप्तरातून पुस्तकं काढली आणि तिच्याकडे बघत बसली. पुस्तक कानडीतही पुस्तकच, पण 'उघडा' म्हणजे काय ते कुणालाच ठाऊक नव्हतं! शेवटी मावशीच "इल्ली बा" म्हणायला शिकली. आमच्या घरात हा किस्सा शंभरदा सांगून झालाय, आणि आम्ही दर वेळी हसतो.

परवा मात्र वाटलं, त्या पोरांना हसू आलं असेल का?

जत हे डफळ्यांचं संस्थान. 1948 साली ते विलीन झालं, 1949 मध्ये सातारा जिल्हा दुभंगला आणि जत दक्षिण साताऱ्यात आलं. 1960 मध्ये त्याच जिल्ह्याचं नाव सांगली झालं. घरातली कानडी मात्र होती तिथेच राहिली.

1956 साली भाषावार प्रांत झाले, तेव्हाच घटनेत 350-अ कलम आलं. भाषिक अल्पसंख्याकांच्या मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून मिळावं, यासाठी राज्याने प्रयत्न करावा, असं ते सांगतं. म्हणूनच जतमध्ये जिल्हा परिषदेच्या कानडी शाळाही आहेत. पण शब्द 'प्रयत्न' असा आहे. 2009 च्या शिक्षण हक्क कायद्यातही मातृभाषा आहे, पण 'शक्य असेल तितकी'.

तिकडे अमेरिकेत सॅन फ्रान्सिस्कोच्या चिनी मुलांच्या खटल्यात 1974 साली सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं, की सगळ्यांना तेच पुस्तक आणि तेच शिक्षक दिले म्हणजे समानता होत नाही. ज्याला भाषाच कळत नाही, त्याला शिक्षण मिळालेलंच नसतं. मावशीच्या वर्गाचंच वर्णन की हे!

2015 साली कर्नाटकाने शाळांत कन्नड सक्तीची केली, 2020 साली आपण मराठी. राज्याची भाषा यावीच, पुढे कॉलेजात, नोकरीत तीच उपयोगी पडते. पण ती घरच्या भाषेच्या जोडीला यावी, तिच्या जागी नव्हे. बेळगावच्या मराठी मुलांसाठी आपण जे मागतो, ते जतच्या कानडी मुलांना द्यायला आपला हात आखडू नये.

असो. मावशी आता निवृत्त आहे, पण नातवंडांना जवळ बोलावताना अजून "इल्ली बा"च म्हणते.