नऊ क्रमांकाचा कर्णधार

रग्बी हा खेळ आपल्याकडे फारसा परिचित नाही. पंधरा-पंधरा खेळाडूंच्या दोन संघांतील प्रत्येकी आठ धिप्पाड गडी खांद्याला खांदा भिडवून एकमेकांना रेटतात. त्यास ‘स्क्रम’ म्हणतात. त्या गर्दीत चेंडू सोडायचा, मागून तो उचलायचा आणि क्षणार्धात सहकाऱ्याच्या हाती सोपवायचा, हे नऊ क्रमांकाच्या खेळाडूचे, म्हणजे स्क्रमहाफचे काम. हा गडी बहुधा लहान चणीचा असतो. दक्षिण आफ्रिकेचा योस्ट व्हॅन डर वेस्टहेझन मात्र चांगला उंचापुरा होता.

त्याचा जन्म २० फेब्रुवारी १९७१ रोजी प्रिटोरियाचा. वर्णभेदी राजवटीमुळे त्याच्या देशाला १९८७ आणि १९९१ च्या विश्वचषक स्पर्धांत स्थान नव्हते. योस्ट १९९३ मध्ये राष्ट्रीय संघात आला, तेव्हा देश नव्या युगाच्या उंबरठ्यावर उभा होता.

२४ जून १९९५ रोजी जोहान्सबर्गच्या एलिस पार्कवर न्यूझीलंडविरुद्ध अंतिम सामना झाला. राष्ट्राध्यक्ष नेल्सन मंडेला आपल्या संघाचा हिरवा सदरा घालून उपस्थित होते. प्रतिस्पर्धी जोना लोमू हा सुमारे १२० किलो वजनाचा, वादळासारखा धावणारा गडी; त्याच्या अंगावर झेपावून योस्टने त्याला लोळविले. पुढे जादा वेळेत स्क्रममधून काढलेला चेंडू त्याने जोएल स्ट्रान्स्कीकडे फेकला, स्ट्रान्स्कीने तो खांबांमधून भिरकावला आणि सामना १५-१२ असा जिंकला गेला.

१९९९ च्या विश्वचषकात तो कर्णधार होता. उपांत्य सामना ऑस्ट्रेलियाकडून जादा वेळेत २१-२७ असा गमावल्यावर खचलेल्या संघाला त्याने पुन्हा उभे केले आणि न्यूझीलंडला २२-१८ असे नमवून तिसरे स्थान मिळविले. २००३ मध्ये तो निवृत्त झाला, तेव्हा ८९ कसोटी सामने व ३८ ट्राय हे दोन्ही त्याच्या देशाचे विक्रम होते.

कीर्तीच्या काळात त्याच्या खासगी जीवनात स्खलनही घडले. त्याची त्याने पुढे जाहीर कबुली दिली. २०११ मध्ये मोटर न्यूरॉन या असाध्य आजाराचे निदान झाले. या आजारात स्नायूंना चालना देणाऱ्या चेतापेशी एकेक करून मावळतात. प्रथम हात दुबळे झाले, मग पाय, मग वाणी. ज्या हातांनी असंख्य चेंडू अचूक पोहोचविले, त्यांना पाण्याचा पेलाही उचलवेना.

तथापि तो घरात दडून बसला नाही. त्याने ‘जे-नऊ’ नावाची संस्था स्थापिली आणि चाकांच्या खुर्चीतून, अडखळत्या शब्दांत, त्याच व्याधीने पीडलेल्या अनामिक रुग्णांची कैफियत लोकांपुढे मांडली. त्यांच्यापैकी अनेकांपाशी ना पैसा होता, ना प्रसिद्धी.

६ फेब्रुवारी २०१७ रोजी, वयाच्या ४५ व्या वर्षी, त्याचे निधन झाले. प्रिटोरियाच्या लोफ्टस व्हर्सफेल्ड या त्याच्या घरच्या मैदानावर हजारोंनी त्याला निरोप दिला. दाटीतून चेंडू बाहेर काढून दुसऱ्याच्या हाती द्यावा, हेच त्याचे आयुष्यभराचे काम. हात निकामी झाल्यावरही त्याने ते सोडले नाही.