शुद्धलेखनाचा राग कोणावर?

श्रोतेहो, सटाण्याची घ्या, नामपूरची घ्या, कोणत्याही बाजारपेठेतून एक फेरी मारा आणि पाट्या वाचत चला. कुठे ‘उपहारगृह’ भेटेल, कुठे ‘शुद्ध दुध’. लग्नपत्रिकेत तर ‘आर्शिवाद’ ठेवलेलाच. पाच सप्टेंबरला एखाद्या फलकावर ‘शिक्षक दीन’ असेही लिहिलेले सापडते. दिन म्हणजे दिवस आणि दीन म्हणजे बिचारा. तेव्हा फलक वाचून शिक्षकाने हसावे की रडावे, हे त्याचे त्यानेच ठरवावे! तसेच उपाहार म्हणजे फराळ आणि उपहार म्हणजे भेट. उपहारगृहात गेलेल्याला चहा मिळतो खरा, पण पाटीप्रमाणे तिथे भेटवस्तू मिळायला हवी.

असे काही वाचले की शिकलेल्या माणसाच्या कपाळाला आठी पडते. माझ्याही पडते. पण मी इतिहास शिकवणारा माणूस. मला लगेच पुढचा प्रश्न पडतो : हा राग किती जुना आहे? आणि तो कोणावर काढायचा?

आपल्याकडे लिहिण्यातल्या चुकांची काळजी फार जुनी आहे. संत एकनाथांनी शके १५०६ मध्ये, म्हणजे इ. स. १५८४ च्या सुमारास, ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली. तीनशे वर्षांत हाताने नकला होता होता पाठ बिघडले होते. नाथांची चिंता एकच होती, की ज्ञानदेवांचा शब्द ज्ञानदेवांचाच राहावा. पुढे समर्थ रामदासांनी दासबोधाच्या एकोणिसाव्या दशकात पहिला समासच लेखनक्रियेवर लिहिला. अक्षर वळणदार असावे, पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत एकसारखे असावे, हा त्यांचा आग्रह.

पण रोजचा व्यवहार कशात चाले? मोडीत. आणि मोडीची गंमत अशी, की तिच्या नेहमीच्या लिखाणात वेलांटी एकच आणि उकारही एकच. ऱ्हस्व कोणता, दीर्घ कोणता, हा भेदच लेखणी करीत नसे. शब्द तोडून लिहिण्याची रीत नव्हती, विरामचिन्हे नव्हती. तरीही याच लिपीत मराठ्यांचे राज्य चालले. मोहिमांच्या बातम्या, वतनाचे तंटे, जमाखर्चाच्या वह्या असे लक्षावधी कागद आजही दप्तरखान्यांत आहेत. त्या लेखकांना अडाणी म्हणण्याची आपली छाती होईल काय?

मग ऱ्हस्व-दीर्घाचा हा दरारा आला कुठून? तो आला छापखान्याबरोबर आणि सरकारी शाळेबरोबर. १८३१ साली मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश निघाला. १८३२ साली बाळशास्त्री जांभेकरांचे ‘दर्पण’ सुरू झाले. १८३६ साली दादोबा पांडुरंगांचे मराठी व्याकरण प्रसिद्ध झाले. शाळांच्या पुस्तकांची भाषा तपासण्याचे काम मेजर टॉमस कँडी यांच्याकडे आले. आज आपण जी स्वल्पविराम-पूर्णविरामाची चिन्हे वापरतो, ती मराठीत रुळवण्यात या गोऱ्या माणसाचा मोठा हात होता. एका पुस्तकाच्या हजारो प्रती निघू लागल्या, म्हणजे शब्द एकाच रीतीने लिहिला जाणे सोयीचे झाले. कोशात शब्द शोधायचा तर त्याचे रूप ठरलेले हवे. ही गरज खरी होती, बरं का. तिला नावे ठेवण्याचे कारण नाही.

पण नियम आले की नियमांचा दंडुकाही येतो. महात्मा फुले यांचे ‘गुलामगिरी’ १८७३ साली प्रसिद्ध झाले. पुढल्याच वर्षी विष्णुशास्त्री चिपळूणकरांची ‘निबंधमाला’ सुरू झाली. विष्णुशास्त्री मराठी गद्याचे मोठे शिल्पकार, यात वाद नाही. पण त्यांनी फुल्यांच्या लेखनावर टीका करताना भाषेची आणि व्याकरणाचीही टर उडवली. आता पाहा, फुले काय सांगत होते? शेतकऱ्याची नागवणूक कशी होते आणि त्याच्या पोराला शाळा का मिळत नाही. १८८२ साली हंटर आयोगापुढे त्यांनी निवेदन दिले, त्यात प्राथमिक शिक्षण सक्तीचे करा अशी मागणी होती. ज्या समाजाला शतकानुशतके अक्षराजवळ येऊ दिले नाही, त्याचा माणूस लिहू लागला तर आधी त्याचे व्याकरण मोजायचे? चूक दाखवणे वेगळे आणि चूक दाखवून माणसाला गप्प बसवणे वेगळे. माझ्या मते आजच्या विषयाचे मर्म इथेच आहे.

शिवाय नियम काही आकाशातून पडलेले नाहीत. लिहावे ते बोलल्याप्रमाणे की व्युत्पत्तीप्रमाणे, हा वाद पन्नास-साठ वर्षे चालला. १९०४ साली लोकमान्य टिळकांनी केसरीतून या विषयावर लेखमाला लिहिली. राजकारणाच्या धामधुमीत त्यांना हा विषय किरकोळ वाटला नाही! अखेर मराठी साहित्य महामंडळाने चौदा नियम तयार केले आणि महाराष्ट्र शासनाने १९६२ साली त्यांना मान्यता दिली. १९७२ साली आणखी चार नियमांची भर पडली. घरात जुने पुस्तक असेल तर उघडून पाहा. त्यात ‘नाहीं’, ‘घरांत’, ‘त्यानें’ असे अनुस्वार दिसतील, ‘कवि’ आणि ‘गुरु’ ऱ्हस्व दिसतील. त्या काळी अनुस्वार गाळणाऱ्या मुलाचे गुण कापले जात. आज ‘नाही’, ‘कवी’, ‘गुरू’ हेच शुद्ध. म्हणजे कालची चूक आज नियम झाली. तेव्हा नियम पाळावेत जरूर, पण ते चारचौघांनी सोयीसाठी केलेले आहेत, याचा विसर पडू देऊ नये.

शिक्षकबंधूंनो आणि भगिनींनो, आता थोडे आपल्या वर्गाविषयी. बागलाणातली कितीतरी मुले घरी अहिराणी बोलतात. साल्हेर-मुल्हेरच्या बाजूची काही मुले कोकणा बोलतात, भिल्ली बोलतात. अहिराणीत डोळ्याला ‘डोया’ म्हणतात, ‘माझा’ ऐवजी ‘मना’ म्हणतात. मुलाने वहीत ‘डोया’ लिहिले तर ती चूक नव्हे, ती त्याच्या आईची भाषा आहे. ‘घरी आपण डोया म्हणतो, पुस्तकात डोळा लिहितो,’ एवढे प्रेमाने सांगितले की पुरे. बहिणाबाई चौधरींना अक्षरओळख नव्हती. त्यांची गाणी मुलाने उतरवून ठेवली म्हणून १९५२ साली छापून निघाली. खानदेशच्या त्या बोलीला कोणी अशुद्ध म्हणून बाजूला सारले असते, तर मराठीचे केवढे नुकसान झाले असते!

मग चुका दुरुस्त करायच्याच नाहीत काय? असं मुळीच नाही. उलट खेड्यातल्या मुलाला शुद्धलेखनाची गरज अधिक आहे. शहरातल्या वकिलाच्या मुलाची वेलांटी चुकली तर फारसे बिघडत नाही, पण शेतकऱ्याच्या मुलाचा अर्ज पहिल्या ओळीवरूनच जोखला जातो. शाळेच्या दाखल्यावर ‘सूर्यवंशी’ आणि सातबाऱ्यावर ‘सुर्यवंशी’ झाले, की एका उकारापायी कचेरीचे हेलपाटे आणि प्रतिज्ञापत्राचा खर्च माथी बसू शकतो.

म्हणून चुका तीन ढिगांत वेगळ्या करा. पहिला ढीग अर्थ बदलणाऱ्या चुकांचा : दिन-दीन, शिर-शीर, सुत-सूत. शिर म्हणजे डोके आणि शीर म्हणजे रक्तवाहिनी. या आधी दुरुस्त करा. दुसरा ढीग नियमांच्या चुकांचा. तिथे नियम घोकून घेऊ नका, कानाने शिकवा. ‘दूध’ म्हणताना ऊ लांबतो आणि ‘दुधात’ म्हणताना आखडतो. फूल-फुले, गरीब-गरिबाला यांचेही तसेच. मुलांना मोठ्याने म्हणायला लावा, निम्मा नियम त्यांचा त्यांनाच सापडेल. संस्कृतातून जसेच्या तसे आलेले गुण, विष यांसारखे शब्द मात्र निराळे सांगावे लागतात. तिसरा ढीग बोलीचा. तो चुकांचा ढीगच नव्हे, त्याला लाल शाई लावू नका.

आणि पालकांनो, मुलाने चुकीचे का होईना, चार ओळी लिहून आणल्या तर त्या आधी पूर्ण वाचा. तो काय सांगतो आहे ते समजून घ्या. वेलांटी मग दुरुस्त करता येते. एकदा लिहिण्याची भीती बसली, तर ती काढायला फार वर्षे लागतात.