ज्यूविद्वेषाचा प्रतिकार : बर्लिन येथील एका संस्थेचे नेतृत्व (१८९०–१९३३)

भाषाशास्त्रात 'सेमिटिक' ही संज्ञा हिब्रू, अरबी, अरमाइक, अम्हारिक आदी भाषांच्या कुळाची वाचक आहे. १७८१ मध्ये श्लोएत्सर या जर्मन इतिहासकाराने ती भाषांस लाविली. पुढील शतकात भाषाकुळाचे हे नाव वंशाचे नाव मानले जाऊ लागले. १८७९ मध्ये विल्हेल्म मार या पत्रकाराने 'सेमिटविरोधी संघ' स्थापिला, आणि हा शब्द राजकारणात रूढ झाला. अरबी बोलणाऱ्यांशी या चळवळीस काहीच कर्तव्य नव्हते. तिचा रोख केवळ ज्यूंवर होता. जुन्या द्वेषास शास्त्रीय परिभाषेचा वेश चढला, एवढाच याचा अर्थ.

या चळवळीच्या प्रतिकारासाठी १८९० मध्ये बर्लिन येथे एक संस्था निघाली. तिचे पहिले अध्यक्ष रुडोल्फ फॉन ग्नाइस्ट हे विख्यात विधिज्ञ होते. त्यांच्यानंतर हाइन्रिख रिकर्ट, थिओडोर बार्ट व गेओर्ग गोथाइन या उदारमतवादी लोकप्रतिनिधींनी अनुक्रमे ती धुरा वाहिली. हे नेतृत्व प्रामुख्याने ख्रिस्ती होते, ही गोष्ट लक्षणीय आहे. ज्यूंवरील हल्ला हा समान नागरिकत्वावरील हल्ला होय, अशी त्यांची भूमिका होती.

संस्थेचे मुख्य साधन पुरावा हे होते. १८९१ पासून तिने मुखपत्र चालविले. विरोधकांची भाषणे व वृत्तपत्रे तपासून त्यांतील असत्य विधाने त्यात खोडून काढली जात. परंतु या साधनाची मर्यादा लवकरच दिसून आली. झान्टेन येथे १८९१ मध्ये एका बालकाचा खून झाला, व तो ज्यूंनी धर्मविधीसाठी केला अशी आवई उठली. १८९२ मध्ये न्यायालयाने आरोपीस निर्दोष ठरविले; तथापि १९०० मध्ये कोनित्स येथे तीच आवई पुन्हा उठली. १८९३ च्या निवडणुकीत ज्यूविद्वेषी पक्षांनी रायश्टागमध्ये १६ जागा मिळविल्या. संस्थेचे पुरस्कर्ते, इतिहासकार थिओडोर मोमझेन यांनीही १८९४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मुलाखतीत युक्तिवादाच्या सामर्थ्याविषयी निराशा व्यक्त केली.

दुसरा प्रश्न नेतृत्वाच्या अधिकाराचा होता. इतरांनी आपले रक्षण करावे ही स्थिती ज्यू नागरिकांस अपुरी वाटली. त्यांनी १८९३ मध्ये 'ज्यूधर्मीय जर्मन नागरिकांचा मध्यवर्ती संघ' स्थापिला व न्यायालयीन लढ्यावर भर दिला. मित्राचा आधार आणि पीडिताचा स्वतःचा आवाज, दोन्हींची आवश्यकता होती. एकाने दुसऱ्याचे स्थान घेणे शक्य नव्हते.

नाझी सत्तारूढ झाल्यावर १९३३ मध्ये पहिली संस्था विसर्जित झाली. १९३८ मध्ये मध्यवर्ती संघही बंद करण्यात आला. या पराभवावरून त्यांचे कार्य व्यर्थ ठरविणे न्याय्य होणार नाही. द्वेष हे केवळ अज्ञान आहे, असे मानण्यात त्यांची चूक झाली. पण त्यांनी जमविलेली साधने आज इतिहासकारांच्या उपयोगी पडतात.

आपल्या विद्याशाखेपुरता यातून एक निष्कर्ष निघतो. भाषा व वंश यांची गल्लत करू नये, असा इशारा माक्स म्युलर यांनी १८८८ मध्येच दिला होता. परंतु 'आर्य' या संज्ञेच्या प्रसारास स्वतः त्यांच्याच लेखनाने पूर्वी हातभार लाविला होता. बर्लिनच्या संस्थेने तर शत्रूने घडविलेला शब्द आपल्या नावातच धारण केला होता. यास्तव मराठीत 'सेमिटविरोध' असा शब्दशः पर्याय न योजिता 'ज्यूविद्वेष' असे म्हणणे श्रेयस्कर. त्यात भाषाकुळाचा बुरखा उरत नाही.