रविवारची रिकामी टेबलं आणि पब क्विझ

पब म्हटलं की आपल्याकडे अजून भुवया वर जातात. पण पीएच.डी.साठी लंडनला आल्यावर या शहराशी माझी खरी ओळख झाली ती पब क्विझमुळेच. पाच-सहा जणांची टीम, माणशी एक-दोन पौंड, कागद, पेन्सिल आणि माईकवर प्रश्न विचारणारा एक मिश्कील क्विझमास्तर. बस्स!

बघताना वाटतं, ही डिकन्सच्या काळातली प्रथा असावी. तसं काही नाही. पबमधल्या काही लीग आधीपासून होत्या, पण क्विझ देशभर पोचवली ती १९७० च्या दशकात 'बर्न्स अँड पोर्टर' या मंडळींनी. मंदीच्या रात्री पबात गिऱ्हाईक यावं, हा सरळ धंद्याचा हिशेब. तीसेक टीम्सपासून सुरुवात करून आठवड्याला दहा हजारांपर्यंत मजल गेली. 'युनिव्हर्सिटी चॅलेंज' (१९६२) आणि 'मास्टरमाइंड' (१९७२) या टीव्हीवरच्या कार्यक्रमांनी लोकांना चटक लावलेली होतीच.

गंमत म्हणजे इथे पदव्या फारशा कामाला येत नाहीत. राजधान्या, नद्या आपल्याला शाळेपासून पाठ. पण १९६० पासून चालू असलेल्या 'कोरोनेशन स्ट्रीट' मालिकेतली लग्नं आणि घटस्फोट? तुम्ही लहानाचे मोठे कुठे झालात, हेच तो प्रश्न विचारत असतो. त्या फेरीत मी नुसता शेंगदाणे खातो.

मग क्रिकेटची फेरी येते. "१९७१ साली इंग्लंडमध्ये पहिली कसोटी मालिका जिंकणारा भारतीय कर्णधार कोण?" सगळं टेबल माझ्याकडे वळतं आणि मी ऐटीत लिहितो: वाडेकर!