मोडीत निघण्याचे वय : मुंबईतील मोटारीच्या आयुष्याचा इतिहास

मोटार किती वर्षे वापरावी आणि कधी मोडीत काढावी, हा निर्णय वरवर पाहता मालकाचा असतो. मुंबईच्या काळ्या-पिवळ्या टॅक्सीचा इतिहास मात्र वेगळे सांगतो. गाडीचे आयुष्य आधी नव्या गाड्यांच्या टंचाईने ठरवले, मग गॅरेजमधल्या कारागिराने आणि टॅक्सीच्या परवान्याने, त्यानंतर शहराच्या हवेने, आणि आता ते बहुतांशी नोंदणीच्या तारखेवरून ठरते. मालकाचा हिशेब या सगळ्यात होताच, पण त्या हिशेबातले आकडे त्याच्या हाती क्वचितच होते.

तो हिशेब मुळात साधा आहे. गाडीवर दोन प्रकारचा खर्च पडतो. पहिला घसाऱ्याचा: नवी गाडी पहिल्या काही वर्षांत झपाट्याने किंमत गमावते आणि पुढे ही घसरण मंदावते. दुसरा दुरुस्तीचा: तो सुरुवातीला नगण्य असतो आणि वयाबरोबर वाढतो. समजा, सहा लाखांची गाडी आहे. तीन वर्षांनी ती ३ लाख ३० हजारांना विकली आणि तोवर दुरुस्तीला ३५ हजार लागले, तर वर्षाला सरासरी सुमारे १ लाख २ हजार खर्च पडला. दहा वर्षांनी ९० हजारांना विकली आणि दुरुस्तीला एकूण २ लाख ८० हजार गेले, तर वार्षिक सरासरी ७९ हजारांवर येते. तीच गाडी पंधरा वर्षे ठेवली, शेवटी ३० हजार हाती आले आणि दुरुस्ती ७ लाख १५ हजारांवर गेली, तर सरासरी पुन्हा ८६ हजारांच्या घरात चढते. सरासरी जिथे सर्वांत खाली येते, ते गाडीचे आर्थिक आयुष्य. अमेरिकेतील अर्थशास्त्रज्ञ हॅरॉल्ड हॉटेलिंग यांनी १९२५ मध्येच घसाऱ्याच्या सिद्धांताला गणिती रूप दिले होते. पण या आलेखाचा तळ चांगलाच सपाट असतो. याच उदाहरणात बाराव्या वर्षी गाडी ६० हजारांना विकली आणि तोवरची दुरुस्ती ४ लाख १० हजार झाली, तरी सरासरी ७९ हजारांच्या आसपासच राहते. त्यामुळे वर्ष-दोन वर्षे पुढेमागे झाल्याने फारसे बिघडत नाही आणि निर्णय बाहेरच्या कारणांकडे जातो. मुंबईत ही बाहेरची कारणेच नेहमी वरचढ ठरली.

स्वातंत्र्यापूर्वी मुंबईत मोटारी येत त्या परदेशी बनावटीच्या. १९२८ मध्ये जनरल मोटर्सने शिवडीला जोडणीचा कारखाना सुरू केला. सुटे भाग जहाजाने येत आणि इथे जोडले जात. मूळचे सोलापूरचे उद्योजक वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये प्रीमिअर ऑटोमोबाइल्स ही कंपनी स्थापन केली. अमेरिकेतल्या क्रायस्लरशी करार करून कुर्ल्याच्या कारखान्यातून १९४७ मध्ये वाहने बाहेर पडू लागली. पुढे इटलीच्या फियाटशी करार झाला आणि १९५४ पासून फियाट ११०० या मोटारीचे उत्पादन कुर्ल्याला सुरू झाले. दरम्यान १९५३ मध्ये टॅरिफ आयोगाने शिफारस केली, की ज्या कंपन्यांकडे देशातच सुटे भाग बनवण्याचा कार्यक्रम नाही, त्यांना नुसत्या जोडणीची मुभा असू नये. जनरल मोटर्स आणि फोर्ड यांनी त्यानंतर भारतातून काढता पाय घेतला. पुढची तीन दशके भारतीय ग्राहकापुढे मुख्यतः तीनच नावे राहिली: कुर्ल्याची फियाट, उत्तरपाड्याची अॅम्बेसेडर आणि मद्रासची स्टँडर्ड.

या रचनेचा गाडीच्या आयुष्यावर खोल परिणाम झाला. उत्पादन परवान्याने बांधलेले होते आणि १९५९ च्या नियंत्रण आदेशाने मोटारींचे वितरण व विक्रीही सरकारी देखरेखीखाली आली. गाडीसाठी नाव नोंदवायचे आणि वर्षानुवर्षे थांबायचे, हा रिवाज झाला. नवी गाडी मिळतच नसल्याने जुनीची किंमत फारशी उतरत नसे, म्हणजे हिशेबातला घसाऱ्याचा भाग जवळजवळ पुसलाच गेला. मॉडेलही दशकानुदशके बदलत नव्हते. नव्या गाडीत जुनीपेक्षा वेगळे काही मिळणार नसेल, तर जुनी काढण्याचे एकच कारण उरते, ते म्हणजे ती चालेनाशी होणे. मध्यमवर्गीय घरात मोटार आली की ती एका पिढीची होऊन राही. वापरलेल्या गाड्यांच्या जाहिरातींत ‘पारशी मालकाची गाडी’ ही ओळख मोठी शिफारस मानली जाई. तिचा अर्थ एवढाच, की गाडी जुनी असली तरी निगुतीने राखलेली आहे.

टॅक्सीच्या धंद्यात फियाटने साठच्या दशकात जम बसवला. कलकत्त्याने ऐसपैस अॅम्बेसेडर पसंत केली, तर मुंबईने आटोपशीर फियाट. १९६४ मध्ये आलेली फियाट ११०० डिलाइट हीच पुढे सत्तरच्या दशकात कंपनीचा फियाटशी असलेला करार संपल्यावर प्रीमिअर पद्मिनी या नावाने विकली जाऊ लागली. १०८९ सीसीचे चार सिलिंडरचे इंजिन, स्टिअरिंगच्या दांड्यावर गिअर, पुढे सलग बाक, टपावर सामानाचे कॅरिअर आणि बाहेर डाव्या बाजूला मीटर असे तिचे रूप शहराच्या ओळखीचे झाले. चिंचोळ्या गल्ल्यांत वळणारी, इंधन बेताचे पिणारी आणि कुठल्याही नाक्यावर दुरुस्त होणारी गाडी टॅक्सीवाल्याला हवी होती, आणि पद्मिनी तशी होती.

तिचे दीर्घायुष्य या शेवटच्या गुणावर उभे होते. इंजिन साधे, कार्बोरेटरचे, इलेक्ट्रॉनिक भागांशिवायचे होते. ते दमले की खाली उतरवायचे, सिलिंडरचे बोअरिंग करायचे, पिस्टन आणि रिंगा बदलायच्या, व्हॉल्व्ह घासून बसवायचे. एवढ्यावर गाडी पुन्हा काही वर्षे धावत असे. मुंबईत खरा शत्रू होता गंज. खारी हवा आणि चार महिन्यांचा पाऊस यांनी पत्रा सडे. मग सडलेला भाग कापून नवा पत्रा वेल्डिंगने जोडायचा, डेंटिंग-पेंटिंग करायचे आणि काळा-पिवळा रंग नव्याने मारायचा. वीस वर्षांच्या टॅक्सीत मूळचे किती उरले, हे सांगणे अवघड व्हावे इतके भाग बदललेले असत. कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर मोडीत निघालेल्या गाड्यांचे भाग सुटे करून विकणारा बाजार वाढला होता. ज्या उपनगरात ही मोटार जन्मली, त्याच उपनगरात मेलेल्या मोटारींचे अवयव जिवंत मोटारींसाठी मिळत. मजुरी स्वस्त आणि कारागीर तरबेज असल्यामुळे दुरुस्तीचा खर्च वयाबरोबर वाढे, तो इतरत्र वाढतो त्यापेक्षा कितीतरी संथपणे. हे कौशल्य कुठल्या संस्थेत शिकवले जात नव्हते. वस्तू पुरवून वापरण्याचा शहराचा सारा अनुभव त्या गॅरेजांमध्ये साठलेला होता, आणि त्याची नोंद फारशी कोणी केली नाही.

दुसरे कारण परवान्याचे. टॅक्सीच्या मालकाची खरी मालमत्ता गाडी नसून परमिट असे. परमिटची संख्या मर्यादित राहिली, त्यामुळे त्याला गाडीपेक्षा अधिक मोल आले. गाडी रस्त्यावर असली की परमिट जिवंत राही. पुष्कळ मालक गाडी स्वतः न चालवता पाळीने चालवायला देत. दिवसपाळीचा चालक वेगळा, रातपाळीचा वेगळा. मालकाला ठरलेली रक्कम मिळत असे, चालकाला वरचे. अशा व्यवस्थेत नवी गाडी घेतल्याने मालकाचे उत्पन्न वाढत नसे, कारण भाडे मीटरवर ठरे आणि मीटर नव्या-जुन्या गाडीत भेद करत नसे. गाडी दरवर्षी आरटीओच्या पासिंगमधून निघाली की पुरे, हाच व्यवहार झाला. पासिंगपूर्वी गॅरेजांत रंग, दिवे, ब्रेक आणि मीटर यांची धावपळ उडे. गाडी निवृत्त करायची की नाही, याचा कौल वर्षातून एकदा तिथे लागे.

कायद्यात वयाचा आकडा ठळकपणे आला तो १९८८ च्या मोटार वाहन कायद्याने. १ जुलै १९८९ पासून अमलात आलेल्या या कायद्यानुसार खासगी मोटारीची नोंदणी १५ वर्षांसाठी वैध असते आणि पुढे पाच-पाच वर्षांनी तिचे नूतनीकरण करावे लागते. कलम ५९ ने केंद्र सरकारला वाहनांची आयुर्मर्यादा ठरवण्याचा अधिकारही दिला. १५ वर्षे ही मुळात नोंदणीची मुदत होती, मोडीत काढण्याची नव्हे. पण लोकांच्या मनात ‘गाडीचे आयुष्य पंधरा वर्षे’ हे समीकरण पक्के झाले ते इथून.

याच सुमारास टंचाई ओसरू लागली. मारुतीची पहिली मोटार १४ डिसेंबर १९८३ रोजी ग्राहकाच्या हाती गेली. १९९३ मध्ये मोटार उद्योग परवानामुक्त झाला आणि दशकाच्या अखेरीस सँट्रो, पिंपरीत तयार झालेली इंडिका अशा गाड्या बाजारात आल्या. बँका मोटारीसाठी सहज कर्ज देऊ लागल्या. घरच्या गाडीचे आयुष्य आता हप्त्यांच्या मुदतीशी जोडले गेले: कर्ज फिटले की गाडी बदलायचा विचार सुरू. विम्याच्या कोष्टकानेही त्याला आकडा दिला. सहा महिन्यांच्या आतल्या गाडीला ५ टक्के, तर चार ते पाच वर्षांच्या गाडीला ५० टक्के घसारा धरला जातो, आणि पाच वर्षांनंतरची किंमत विमा कंपनी आणि मालक यांनी आपसांत ठरवायची असते. दर काही वर्षांनी नवे मॉडेल येत असल्याने जुनीची किंमत पडू लागली. टंचाईच्या काळात पुसला गेलेला घसारा हिशेबात परत आला. नवी गाडी दुरुस्त करायला संगणक लागू लागला आणि नाक्यावरच्या मिस्त्रीचे काम कंपनीच्या सर्व्हिस सेंटरकडे गेले. पद्मिनीचे उत्पादन नव्या शतकाच्या तोंडावर थांबले.

टॅक्सीच्या बाबतीत निर्णायक ठरली ती हवा. १ एप्रिल १९९५ पासून चार महानगरांत नव्या पेट्रोल मोटारींना कॅटॅलिटिक कन्व्हर्टर सक्तीचा झाला, पण जुन्या गाड्या तशाच धावत होत्या. १९९९ मध्ये ‘स्मोक अफेक्टेड रेसिडेंट्स फोरम’ या नागरिकांच्या संघटनेने मुंबई उच्च न्यायालयात जनहित याचिका केली. न्यायालयाच्या सूचनेवरून परिवहन आयुक्त व्ही. एम. लाल यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. त्यातून निघालेले सूत्र असे, की १५ वर्षांहून जुन्या टॅक्सींनी एकतर रस्ता सोडावा किंवा स्वच्छ इंधनाकडे वळावे. महानगर गॅस लिमिटेडची स्थापना १९९५ मध्ये झालेली होती आणि सीएनजीचे पंप शहरात उभे राहत होते. टॅक्सीवाल्यांनी दुसरा पर्याय घेतला. नव्या गाडीच्या किमतीच्या तुलनेत सीएनजीचे किट फारच स्वस्त पडे, आणि सीएनजी पेट्रोलपेक्षा स्वस्त असल्यामुळे रोजचा खर्चही उतरला. डिकीत सिलिंडर बसले, सामान टपावर गेले आणि जुने इंजिन नव्या इंधनावर धावू लागले. जुनी वाहने हटवण्यासाठी घातलेल्या अटीनेच त्यांचे आयुष्य वाढले. धूर मात्र खरोखर कमी झाला, आणि अटीचा मूळ हेतू तोच होता.

वयाची थेट मर्यादा आली २००८ मध्ये. राज्य सरकारने टॅक्सीसाठी २५ वर्षांची कमाल मर्यादा ठरवली आणि २०१३ मध्ये ती २० वर्षांवर आणली. आता इंजिन किती चांगले, पत्रा किती शाबूत, पासिंग झाले की नाही, हे सगळे गौण झाले. अनेक मालकांनी सँट्रो, व्हॅगनआर, इको अशा गाड्या घेतल्या. टॅक्सी म्हणून नोंदलेली शेवटची पद्मिनी २९ ऑक्टोबर २००३ रोजी ताडदेवच्या आरटीओत नोंदवली गेली होती. तिची २० वर्षे २९ ऑक्टोबर २०२३ ला भरली आणि दुसऱ्या दिवसापासून मुंबईच्या रस्त्यांवर पद्मिनी टॅक्सी अधिकृतपणे उरली नाही. त्याच वर्षी १५ सप्टेंबरला बेस्टची शेवटची डिझेल दुमजली बसही वयाची १५ वर्षे पूर्ण झाल्यामुळे निवृत्त झाली होती. दीड महिन्यात शहराच्या दोन खुणा गेल्या, त्या मोडल्या म्हणून नव्हे, तर त्यांची तारीख आली म्हणून.

इतर महानगरांतही वाट हीच होती, वेग वेगळा. दिल्लीत सर्वोच्च न्यायालयाने १९९८ मध्ये १५ वर्षांहून जुनी व्यापारी वाहने हटवण्याचा आदेश दिला. पुढे तिथे १० वर्षांहून जुन्या डिझेल आणि १५ वर्षांहून जुन्या पेट्रोल गाड्यांवर बंदी आली. कलकत्ता उच्च न्यायालयाने २००८ मध्ये १५ वर्षांहून जुन्या व्यापारी वाहनांविरुद्ध आदेश दिला. तिथल्या पिवळ्या अॅम्बेसेडर टॅक्सीही याच मर्यादेने एकेक करून निघाल्या.

देशपातळीवरचे धोरण १३ ऑगस्ट २०२१ रोजी जाहीर झाले. वाहन मोडीत काढण्याच्या या धोरणाने वयापेक्षा तंदुरुस्तीच्या चाचणीवर भर दिला: चाचणीत नापास झालेले वाहन ‘आयुष्य संपलेले’ ठरते. जुनी गाडी ठेवणे महाग मात्र केले गेले. १ एप्रिल २०२२ पासून १५ वर्षांच्या मोटारीच्या नोंदणी नूतनीकरणाचे शुल्क ६०० रुपयांवरून ५,००० रुपये झाले. जुनी गाडी नोंदणीकृत केंद्रात मोडीत काढून नवी घेणाऱ्याला खासगी वाहनाच्या करात २५ टक्क्यांपर्यंत सवलत देण्याची मुभा राज्यांना मिळाली. सरकारी वाहनांना तर १ एप्रिल २०२३ पासून १५ वर्षांनंतर नोंदणीच राहत नाही. महाराष्ट्रात १५ वर्षांवरील खासगी वाहनांना २०१० पासून पर्यावरण कर होताच.

या साऱ्या प्रवासात एक मिळकत आणि एक हानी आहे. जुन्या इंजिनांचा धूर श्वासात घेणाऱ्या शहराला वयाच्या मर्यादेने दिलासा दिला, आणि ती मर्यादा नसती तर परवान्याच्या अर्थकारणाने जुन्या गाड्या अनिश्चित काळ चालवल्या असत्या. पण केवळ तारखेवर बेतलेला नियम निगुतीने राखलेली गाडी आणि हेळसांड झालेली गाडी यांत फरक करत नाही. शिवाय नवी गाडी घडवायलाही पोलाद, वीज आणि इंधन लागते. म्हणूनच तंदुरुस्तीची प्रामाणिक चाचणी हा वयापेक्षा न्याय्य निकष आहे. ती चाचणी विश्वासाची असेल, तरच तो टिकेल.

फार जुन्या गाड्यांसाठी कायद्याने वेगळी वाट ठेवली आहे. २०२१ च्या नियमांनुसार ५० वर्षे पूर्ण केलेली, मूळ रूपात जपलेली वाहने ‘व्हिंटेज’ म्हणून नोंदवता येतात. ती रोजच्या किंवा धंद्याच्या वापरासाठी काढता येत नाहीत. कुर्ल्याच्या कारखान्यातून पन्नाशीच्या दशकात निघालेल्या फियाट ११०० या गाड्यांनी हे वय कधीच ओलांडले आहे. २००० साली बनलेल्या पद्मिनीला मात्र ते २०५० मध्ये लाभेल.