ताऱ्यांच्या गर्दीची शिरगणती

ऑक्टोबरमध्ये अमावास्येच्या आसपास, नंदुरबार जिल्ह्यातील तोरणमाळच्या पठारावरून रात्री साडेसातच्या सुमारास नैऋत्येकडे पाहावे. धनु राशीत आकाशगंगेचा एक उजळ तुकडा ढगासारखा दिसतो. मेसियरच्या यादीत त्याचा क्रमांक २४ आहे. लहानशा दुर्बिणीतून पाहिले की हा ढग विरतो आणि त्या जागी तारेच तारे दिसू लागतात. ते मोजायला बसले तर थोड्याच वेळात डोळे दमतात. कोणता तारा मोजला आणि कोणता राहिला, हेच कळेनासे होते. मग या गर्दीची शिरगणती करायची कशी? उत्तर छायाचित्रणाने दिले, आणि त्यात आपल्या शेजारच्या हैदराबादचा मोठा वाटा आहे.

१८८२ साली एक तेजस्वी धूमकेतू आला. दक्षिण आफ्रिकेतील केप वेधशाळेचे प्रमुख डेव्हिड गिल यांनी एका स्थानिक छायाचित्रकाराचा कॅमेरा दुर्बिणीवर बांधून त्याची छायाचित्रे घेतली. काचेवर धूमकेतू तर उमटलाच, शिवाय मागचे असंख्य तारेही उमटले. ताऱ्यांचा नकाशा हाताने काढण्याची गरज नाही, हे यावरून पटले. १८८७ मध्ये पॅरिस येथे खगोलशास्त्रज्ञांची परिषद भरली. आकाशाचे पट्टे पाडून ते जगभरच्या सुमारे वीस वेधशाळांनी वाटून घ्यायचे आणि अकराव्या प्रतीपर्यंतच्या ताऱ्यांची स्थाने मोजायची, असे ठरले.

काम वाटते तितके सोपे नव्हते. ठरलेल्या दुर्बिणीत आकाशातील एक कला म्हणजे काचेवर एक मिलिमीटर, असे प्रमाण होते. पृथ्वीच्या परिवलनामुळे खगोलीय विषुववृत्ताजवळचा तारा एका सेकंदात १५ विकला सरकतो. एक कला म्हणजे ६० विकला. म्हणजे दुर्बीण स्थिर ठेवली तर चारच सेकंदांत ताऱ्याची प्रतिमा एक मिलिमीटर सरकणार! एक्स्पोजर तर काही मिनिटांचे हवे. म्हणून घड्याळी यंत्राने दुर्बीण ताऱ्यांबरोबर फिरवायची आणि निरीक्षकाने जोडदुर्बिणीतील एका ताऱ्यावर नजर ठेवून चूक सुधारत राहायचे. काचेवरील धुळीचा ठिपका तारा म्हणून मोजला जाऊ नये, यासाठी दुर्बीण किंचित सरकवून त्याच काचेवर दोन-तीन एक्स्पोजर घेत. पण दाट भागात यामुळे ठिपक्यांची गर्दी आणखी वाढे!

खगोलीय विषुववृत्ताच्या दक्षिणेला १७ ते २३ अंशांचा पट्टा चिली देशातील सांतियागो वेधशाळेकडे होता. तिच्याकडून काम झाले नाही. वर सांगितलेला धनु राशीतील तारकामेघ याच पट्ट्यात येतो. तो पॅरिसहून क्षितिजापासून जास्तीत जास्त २३ अंश वर येतो, तर नंदुरबारहून ५० आणि हैदराबादहून ५४ अंश. क्षितिजालगतचा तारा वातावरणाच्या जाड थरातून पाहावा लागतो. त्याची प्रतिमा पसरते आणि मंदावते. म्हणजे हा पट्टा टिपायला आपले अक्षांश सोयीचे.

हैदराबादला दुर्बीण आली ती एका हौशी माणसामुळे. नवाब जफर जंग यांनी इंग्लंडहून १५ इंची दुर्बीण आणली आणि १९०१ मध्ये फिसलबंडा येथील स्वतःच्या जागेत वेधशाळेचा पाया घातला. निजामाच्या संमतीने तिला ‘निजामिया’ नाव मिळाले. १९०७ मध्ये नवाब वारले. पुढच्या वर्षी निजाम सरकारने वेधशाळा ताब्यात घेतली आणि ती बेगमपेठला हलवण्यात आली. तेथे ८ इंची छायाचित्रण-दुर्बिणीने १९१४ पासून हा पट्टा टिपला गेला. प्रमुख रॉबर्ट पोकॉक १९१८ मध्ये वारले; पुढे टी. पी. भास्करन यांनी धुरा सांभाळली. सांतियागोचे काम उरकल्यावर पॉट्सडॅम वेधशाळेच्या पट्ट्यातील उत्तरेचे ३६ ते ३९ अंशही हैदराबादने उचलले. १९४६ पर्यंत १२ खंड प्रसिद्ध झाले.

छायाचित्र घ्यायला काही मिनिटे लागत; मोजणीत वर्षे गेली. प्रत्येक काचेवर पाच मिलिमीटर अंतराच्या उभ्या-आडव्या रेषांची जाळी उमटवलेली असे. सूक्ष्मदर्शकाखाली काच ठेवून प्रत्येक ठिपक्याचे जाळीतील स्थान वाचायचे आणि वहीत लिहायचे. जगभर मिळून असे सुमारे ४६ लाख तारे मोजले गेले; शेवटचा खंड निघाला १९६४ मध्ये. तोवर खगोलशास्त्र वर्णपटांकडे आणि दीर्घिकांकडे वळले होते. इतके श्रम फुकट गेले, असेच अनेकांना वाटले.

पण ताऱ्यांनाही निजगती असते. एखादा तारा वर्षाला ०.१ विकला सरकत असेल, तर ७५ वर्षांत ७.५ विकला सरकेल. त्या काचेवर एक मिलिमीटरचा आठवा भाग. हे सरकणे मोजायला जुनी नोंद हवी, आणि गेलेला काळ कोणत्याही यंत्राने परत आणता येत नाही. हिपार्कोस उपग्रहाने १९८९ ते १९९३ या काळात ताऱ्यांची अचूक स्थाने मोजली. ती या जुन्या खंडांशी ताडून २००० साली ‘टायको-२’ यादी तयार झाली. तीत २५ लाख ताऱ्यांच्या बहुतेक निजगती आल्या. पुढे गाया उपग्रहाने याहून बारीक मापे दिली. तरी मधल्या काळात आधार होता तो या काचांचाच.

शिक्षकांना हा धडा वर्गात करून घेता येईल. तिपाईवर कॅमेरा किंवा मोबाइल ठेवून दहा सेकंदांचे एक्स्पोजर घ्या. एक छायाचित्र धनु राशीतील तारकामेघाचे, दुसरे शेजारच्या मकर राशीचे. दोन्हींवर सारख्या आकाराचा चौकोन आखा, त्याचे लहान चौकोन पाडा आणि वेगवेगळ्या विद्यार्थ्यांना तारे मोजू द्या. दोघांचे आकडे जुळत नाहीत, हे त्यांना लगेच दिसेल. का जुळत नाहीत, यावर चर्चा करा. छायाचित्राखाली ठिकाण, तारीख, वेळ, भिंग आणि एक्स्पोजर लिहायला मात्र विसरू नका. हैदराबादच्या काचा ८० वर्षांनी उपयोगी पडल्या, कारण त्यांच्या शेजारी हे सगळे लिहून ठेवलेले होते.